मिठीचे दोन अर्धे

मिठी मारताना हनुवटी कुठे जाते, हे तुम्हाला माहीत नाही. वाईट वाटून घेऊ नका, कुणालाच माहीत नसतं. माणसं जन्मभर मिठ्या मारतात आणि विचारलं की म्हणतात, जाते कुठेतरी. कुठेतरी जात नाही. उंची सारखी असेल तर समोरच्याच्या खांद्यावर जाते, आपण बुटके असलो तर त्याच्या गळ्याखालच्या हाडाशी, आणि मनातून भांडण मिटलेलं नसेल तर हवेतच राहते. हे सगळं मी तुम्हाला अंशांत सांगू शकते. तो माझा धंदाच आहे.

इंटरनेटवर एक जग आहे. लोक तिथे आपापला अवतार घेऊन वावरतात, म्हणजे आपल्या हुकमाने चालणारी एक बाहुली. ती घर बांधते, बाग लावते, मैत्रिणीकडे जाऊन सोफ्यावर बसते, मनात आलं तर लग्नसुद्धा करते. फक्त तिला मुळात धड उभं राहता येत नाही. दोन्ही हात आडवे पसरून बुजगावण्यासारखी येते बिचारी. तिला भिंतीला टेकायचं असेल, गालावर हात ठेवून रुसायचं असेल, तर आधी कुणीतरी तिचा सांधा न् सांधा वळवून ठेवावा लागतो. त्याला पोझ म्हणतात, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. आमचं दुकान तिथे बऱ्यापैकी गाजलेलं आहे. घरात मात्र आई शेजारणीला सांगते, "ती कॉम्प्युटरवर बाहुल्या खेळते."

आमचं म्हटलं, कारण दुकान दोघांचं. जोडीच्या पोझमध्ये बाहुल्या दोन, म्हणून पोझचे अर्धेही दोन. एक अर्धा मी करायची, दुसरा टाचणी. टाचणी हे त्याचं तिथलं नाव, माझं कोपरखळी. खरी नावं आम्ही पहिल्या आठवड्यात एकमेकांना सांगितली होती आणि दुसऱ्या आठवड्यापासून वापरायची सोडून दिली होती.

आमची पद्धत जरा खुळी होती, पण तिच्यामुळेच दुकान चालायचं. बाकीचे लोक बाहुली थेट पडद्यावर वळवतात. आम्ही आधी स्वतः तसे उभे राहायचो. मोबाइल स्टँडवर लावायचा, दहा सेकंदांचा टायमर, मग समोरून, बाजूने आणि मागून फोटो, आणि त्या फोटोबरहुकूम बाहुली वळवायची. टाचणी सहा तासांवरच्या दुसऱ्या शहरात राहायचा, तेव्हा समोरचा माणूस म्हणून घरातलंच काहीतरी धरावं लागे. मी दादाला उभा करून बघितला, तर नवव्या सेकंदाला त्याच्या नाकाला खाज सुटली. वहिनीला उभी केली, तर तिला हसू आवरेना. शेवटी मी कपाट धरलं आणि टाचणीने त्याच्या घरचा फ्रिज. एकदा आई इस्त्रीचे कपडे ठेवायला आली, तेव्हा मी डोळे मिटून कपाटाच्या गळ्यात पडले होते. ती तशीच मागे फिरली आणि बाहेर दादाला म्हणाली, "हिचं काहीतरी बघायला हवं रे."

फोटो एकमेकांना पाठवताना आम्ही मान कापायचो. म्हणजे मानेच्या वरचा भाग. सुरुवातीला लाजेने, नंतर सवयीने. त्यामुळे अडीच वर्षांत मी टाचणीचा चेहरा पाहिलेला नव्हता, पण त्याचा डावा कोपर लहानपणी मोडल्यामुळे पूर्ण सरळ होत नाही, तो उभा राहतो तेव्हा सगळा भार उजव्या पायावर टाकतो, हे मला पाठ होतं. मी त्या कोपरावर भाळले होते. हे सांगायची मला लाज वाटत नाही. लाज याची वाटते की त्याला मात्र मी यातलं अक्षर बोलले नव्हते. रोज दुपारी तीन तास आम्ही हेडफोन लावून बोलायचो. काय बोलायचो? "तुझं मनगट माझ्या कमरेत घुसतंय, दोन अंश बाहेर घे." "तू श्वास रोखून धरलायस, खांदे वर गेलेत." एवढं बोलून झाल्यावर वेगळं काय बोलायचं राहतं, असं मला वाटायचं. राहतं, बरंच राहतं.

एका मंगळवारी तो म्हणाला, "एक सांगायचं होतं. मला नोकरी लागतेय. मोठी कंपनी आहे, गेम बनवतात."

"अरे वा."

"येत्या सोमवारी सही करायची. पण सही केली की बाहेरचं काही करायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. म्हणजे आपलं दुकान..."

"हं."

"माझे अर्धे मी तुला देऊन टाकतो. रविवारी येऊन समजावतो, एका दिवसात होईल. मग तूच दोन्ही करत जा."

"बरं," मी म्हणाले.

बरं म्हणे. जिला दुसऱ्याच्या बाहुलीची मान वाकडी दिसली तर जेवण जात नाही, तिची स्वतःची जीभ ऐन वेळी लाकडाची झाली. मला तो जायला नको होता. सोमवारी त्याची सही झाली की दुकान संपलं, दुपारी संपल्या, आणि दोनशे चाळीस पोझमध्ये माझी बाहुली कुणाच्या तरी गळ्यात हात टाकून उभी आहे ती हवेच्याच गळ्यात टाकून राहणार, हे मला लख्ख दिसत होतं. तरी बरं.

त्याच रविवारी आमची एक ऑर्डरही होती. निवृत्त झालेल्या एक ग्रंथपालबाई आणि एक दंतवैद्य, दोघंही साठीला टेकलेले, त्या जगातल्याच एका बागेत ओळख झालेली. संध्याकाळी सहा वाजता त्यांच्या अवतारांचं लग्न होतं आणि त्यांना लग्न लागल्यावरची मिठी हवी होती. "तयार माल नको," बाईंनी लिहिलं होतं, "आमची आम्हाला वाटेल अशी हवी." टाचणी म्हणाला, एवीतेवी येतोच आहे, तर ही एक समोरासमोर उभे राहून करू. पहिली आणि शेवटची. शेवटची हा शब्द त्याने इतक्या सहज वापरला की मी हेडफोन काढून टेबलावर आपटला, आणि मग परत कानाला लावून म्हटलं, "चालेल."

आईने शनिवारीच पडदे धुवायला काढले.

"अगं, तो कामासाठी येतोय," मी म्हटलं.

"मग? कामाला येणाऱ्यांना डोळे नसतात?"

वहिनीने माझ्या पाच कुर्त्यांपैकी चार नापास केले आणि दादाने, कुणी सांगितलं नसताना, दाढी केली. रविवारी अडीच वाजता मी खाली गेटपाशी जाऊन उभी राहिले. तिथे गेल्यावर लक्षात आलं की मी ज्याला शोधतेय त्याचा चेहराच मला माहीत नाही. समोरच्या थांब्यावर बस आली आणि चार पुरुष उतरले. चौघेही मानेपासून वर मला सारखेच अनोळखी होते. मग त्यांतल्या एकाने खांद्यावरची बॅग सावरायला डावा हात वर केला, आणि तो हात पूर्ण सरळ झाला नाही.

"टाचणी?" मी म्हटलं.

"कोपरखळी?" तो म्हणाला.

वॉचमनने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि वहीत काय लिहावं याचा बराच विचार केला.

त्याला चेहरा होता. असणारच, पण माझी तयारी नव्हती. कान होते, पुढचा एक दात किंचित तुटलेला होता, आणि हसला की एक भुवई आधी वर जायची. अडीच वर्षं माझ्यापासून हे सगळं लपवून ठेवल्याबद्दल मला त्याचा रागच आला. जिना चढताना मी त्याच्या कोपराशीच बोलत होते, कारण तेवढ्याशीच माझी ओळख होती.

आईने चहा दिला आणि समोर बसली. "तुम्ही नक्की काय करता?"

"काकू, मी उजवीकडची बाहुली करतो."

"आणि ही?"

"ही डावीकडची."

आईने दादाकडे बघितलं. दादा बशीत बघू लागला.

चहा झाल्यावर आम्ही दिवाणखान्यातलं टेबल सरकवलं, मोबाइल लावला आणि समोरासमोर उभे राहिलो. घरातल्यांनी आत जावं असं मी दोनदा सुचवलं. वहिनी म्हणाली, आम्ही आहोत असं समजूच नका, आणि तिघंही सोफ्यावर ओळीने बसली. टायमर सुरू झाला. आम्ही दोघं पुढे झालो, हात उचलले, माना कलत्या केल्या आणि गप्प उभे राहिलो. श्वास सोडलेला, खांदे सैल, एकदम चोख काम.

"अगं, जवळ तरी उभे राहा," आई म्हणाली. "मध्ये काय भाजीची पिशवी आहे का?"

मी डोळे उघडले. आमच्या दोघांच्या मध्ये चांगली वीतभर मोकळी जागा होती. माझे हात बरोबर कपाटाच्या रुंदीने पसरले होते, त्याचे फ्रिजच्या. वर त्याचा उजवा हात कशाला तरी वळसा घातल्यासारखा बाहेर निघाला होता.

"हा हात असा का?" मी विचारलं.

"फ्रिजला तिथे हँडल असतं," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं. आमच्या मिठ्यांमधल्या त्या अंतराचं लोकांनी केवढं कौतुक केलं होतं. एकाने लिहिलं होतं, या मिठीत किती अदब आहे. दुसरीने लिहिलं होतं, त्याच्या त्या हातात काहीतरी न बोललेलं आहे. अदब कसली डोंबलाची, फर्निचर होतं. मला हसू फुटलं, मग त्याला फुटलं. आम्ही हसत एकमेकांवर कोसळलो, तेवढ्यात मोबाइलने फोटो काढला आणि त्यात दोन डोक्यांच्या जागी नुसता धुरळा आला. दुसऱ्यांदा उभे राहिलो तर "हँडल" एवढं दादा पुटपुटला आणि पुन्हा सगळं मुसळ केरात. वहिनी तर सोफ्यावरून घसरून खाली बसली होती.

तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही. का ते माहीत नाही. तो पुढे आला, मी पुढे झाले, आणि मध्ये काहीच राहिलं नाही. कपाटाला छाती नसते, तिच्या आत धडधड नसते, आणि आपण टेकलो तर ते उलट आपल्यावर टेकत नाही. हे कुणालाही सुचेल, मला अडीच वर्षं सुचलं नव्हतं. मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

"आला का फोटो?" शेवटी त्याने माझ्या केसांत विचारलं.

"बटण तू दाबलंस ना?"

"मला वाटलं तू दाबलंस."

आम्ही दोघांनी मोबाइलकडे बघितलं. तो शांतपणे काळा पडून उभा होता. इतकी वर्षं प्रत्येकाने आपापल्या घरी आपापलं बटण दाबलेलं, दोघांत मिळून एकच बटण असतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पुन्हा करू," तो म्हणाला.

"पुन्हा तशी होणार नाही."

त्यालाही ते पटलं होतं. सव्वाचार वाजले होते. फोटोविना, आठवणीवरच करायचं ठरलं. माझ्या खोलीत दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले आणि मी माझी बाहुली उघडली. मान वळवायला घेतली आणि हात थांबला. माझी हनुवटी कुठे होती? मला काहीच आठवेना. हात कुठे होते? पाय? धडधड तेवढी आठवत होती आणि ती बाहुलीला लावायची सोय नाही. मी त्याच्या पडद्याकडे बघितलं. त्याचीही बाहुली अजून हात पसरून बुजगावण्यासारखीच उभी होती.

"मला माझं काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "पण तुझी हनुवटी इथे होती." त्याने गळ्याखालच्या हाडाच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं. "अजून थोडं दुखतंय."

"आणि तुझा डावा हात माझ्या पाठीवर इथवर पोचला होता. पूर्ण सरळ झाला नाही म्हणून तू खांदा पुढे आणलास."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि न बोलता खुर्च्या बदलल्या. त्याने माझा अर्धा घेतला, मी त्याचा.

पुढचा तासभर मी इतकी खूश होते की मला स्वतःचाच संशय आला. सगळं येत होतं. त्याची पाठ कशी वाकली होती, मान कुठे टेकली होती, तळहाताची ऊब नेमकी कुठल्या मणक्याशी होती, सगळं बोटांतून सरसर उतरत होतं. शेजारी तोही खाली मान घालून भराभर माउस हलवत होता. आईने बिस्किटं आणून ठेवली आणि पाय न वाजवता गेली. जन्मात ती कधी पाय न वाजवता गेलेली नाही.

साडेपाचला दोन्ही अर्धे एका पडद्यावर आणले. दोन बाहुल्या एकमेकींना मिळाल्या, मध्ये कागदही जाणार नाही अशा. मी माझी बघू लागले. टाचा उचललेल्या होत्या. बरोबर, मी बुटकी. हनुवटी हाडाशी, बरोबर. मग मी पडदा फिरवून मागची बाजू बघितली.

"बोटं चुकली आहेत," मी म्हटलं.

"नाहीत."

"मी हात पाठीवर सपाट ठेवते. दोनशे चाळीस पोझमध्ये सपाट आहे."

"ते कपाट होतं," तो म्हणाला. "आज तू माझा शर्ट मुठीत धरला होतास. इतका ओढलास की वरचं बटण तुटलं."

मी बघितलं. गळ्याशी बटणाच्या जागी नुसता दोरा होता. पडद्यावर माझी बाहुली दोन्ही मुठी आवळून त्याच्या बाहुलीला धरून उभी होती, बस सुटताना धावत येऊन दांडी धरावी तशी. मी तोंडाने बरं म्हटलं होतं आणि माझ्या बोटांनी ते साफ खोटं पाडलं होतं, आणि त्याने ते दहाच्या दहा बोटांनिशी बाहुलीत लिहून ठेवलं होतं.

त्याने माउस बोटांवर नेला. "सोडवू का?" तो म्हणाला. माझ्याकडे न बघता विचारत होता. "तुला नको असेल तर सपाट करतो. त्यांना काय कळणार आहे."

"नको सोडवू," मी म्हटलं. मग म्हटलं, आता तोंड उघडलंच आहे तर. "मी घट्टच धरलं होतं. तू जायला नकोस. दुकानासाठी नाही, दुकान गेलं खड्ड्यात. मला तू हवा आहेस."

स्वयंपाकघरातला कपांचा आवाज बंद झाला. बाहेर दादा काहीतरी बोलत होता, त्याला कुणीतरी गप्प केलं.

टाचणी पडद्यावर वाकून बघू लागला. माझ्या बाहुलीकडे नाही, त्याच्या, म्हणजे मी केलेल्या.

"माझे पाय असे होते?" त्याने विचारलं.

"कसे?"

"मी भार उजव्या पायावर टाकतो. नेहमी. डावा मोकळा असतो, निघायला."

"आज दोन्ही पायांवर होता," मी म्हटलं. "दोन्ही टाचा टेकलेल्या. मला जाणवलं तसं केलं."

तो हं म्हणाला. काहीतरी विचारावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात ग्रंथपालबाईंचा निरोप आला, पाहुणे जमायला लागलेत, पोझ कुठे आहे? आम्ही घाईघाईने दोन्ही अर्धे पाठवले आणि आमचे अवतार घेऊन लग्नाला गेलो.

बागेत चाळीसेक अवतार दाटीवाटीने बसले होते. एकाला शिंगं होती, एकीने लग्नाला घोडाच आणला होता. नवरा-नवरी मधोमध उभे राहिले, शपथा झाल्या, आणि बाईंनी आमची पोझ लावली. दोन्ही बाहुल्या एकमेकींना बिलगल्या. टाचा उचललेल्या, मुठी आवळलेल्या. टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि मग ते दोघं सुटेचनात. पाच मिनिटं गेली, सात गेली. घोडा बसल्या जागी झोपला. मला वाटलं काहीतरी अडकलंय. मग पडद्यावर बाईंच्या ओळी उमटल्या.

"काही अडकलेलं नाही. आम्हीच सोडत नाही आहोत. हे शेजारी बसून रडतायत, म्हणे दात काढताना कधी रडलो नाही. तुमच्यापैकी ही कुणी केली? पुढच्या वर्षी आजच्याच दिवशी अजून एक हवी. कराल ना?"

मी की-बोर्डवर हात ठेवला. काय लिहू? एकटीने करीन म्हणून लिहू? ते मला येणार नव्हतं, आणि कराल ना हे एकटीला विचारलेलं नव्हतं. बाहेर कुणीतरी दाराला कान लावला असावा, कारण दार हळूच करकरलं.

टाचणीने की-बोर्ड माझ्यासमोरून स्वतःकडे ओढला आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं.

"आम्ही दोघांनी केली. करू की. आम्ही दोघंही इथेच आहोत."

"आणि उद्याची सही?" मी विचारलं. आवाज माझा नव्हता, कुणा भलत्याच बाईचा होता.

"सकाळी फोन करून नाही म्हणतो," तो म्हणाला. "निघायला पायच नाहीत मला. तूच टेकवून ठेवलेस."

मी खुर्चीवरून उठले, बसले, पुन्हा उठले. दार उघडलं आणि दादा, वहिनी आणि आई तिघंही एकदम आत आली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"हा राहतोय," मी म्हटलं. अजून बरंच सांगायचं होतं, पण हसू थांबेना.